मेडिकल स्कूलचा अर्ज या जूनमध्ये करावा की वर्षभर थांबून? ग्रेडचा हिशेब आणि वेळेची निवड

न्यू जर्सीतील एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी राज्य विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी तिचा जीपीए, म्हणजे ४.० पैकी ग्रेडची सरासरी, २.९५ होता, दुसऱ्या वर्षी ३.४० झाला आणि तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात तिला ३.८० मिळाला. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या कोर्समध्ये सी प्लस आहे. एमकॅट ही मेडिकल प्रवेशाची परीक्षा अजून दिलेली नाही, ती जूनच्या अखेरीस द्यावी असा बेत आहे, आणि एका रुग्णालयात तिने साठेक तास स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. मुलगी अमेरिकेची नागरिक आहे. वडिलांना तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: अर्ज याच जूनमध्ये करावा की एक वर्ष थांबावे, ऑरगॅनिक पुन्हा घेऊन तो सी प्लस पुसून टाकता येईल का, आणि थांबल्यास 'हिचे वर्ष वाया गेले' असा शिक्का बसेल का.

मी गेली एकोणीस वर्षे पूर्व किनाऱ्यावरील एका विद्यापीठात मेडिकल स्कूलला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची सल्लागार म्हणून काम करते, आणि त्यातील चार वर्षे एका मेडिकल कॉलेजच्या प्रवेश समितीसाठी अर्जांचे पहिले वाचनही मी केले आहे. आपल्यासारखाच प्रश्न घेऊन दर वसंतात अनेक पालक माझ्याकडे येतात, म्हणून उत्तर जरा विस्ताराने लिहिते.

आधी प्रश्न नीट मांडून घेऊ. आपण विचारले आहे 'यंदा की पुढच्या वर्षी', पण त्याखाली दडलेला खरा प्रश्न असा आहे की आपल्या मुलीच्या शैक्षणिक आयुष्याचे कोणत्या तारखेचे छायाचित्र समितीपुढे ठेवायचे. आपण महाराष्ट्रातून आलेली माणसे प्रवेश म्हटला की गुणवत्ता यादीच डोळ्यांपुढे आणतो. तिकडे एमबीबीएससाठी बारावीचे गुण पात्रतेपुरते लागतात, खुल्या गटाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात मिळून पन्नास टक्के पुरतात, आणि पुढचा सगळा निवाडा ७२० गुणांच्या नीट परीक्षेतील क्रमांकावर होतो. मुदतीच्या पहिल्या दिवशी अर्ज भरला काय किंवा शेवटच्या दिवशी भरला काय, क्रमांक बदलत नाही. अमेरिकेत अशी यादी नसते. येथे माणसे बसून अर्ज वाचतात, ते जसे पूर्ण होतील तसे वाचतात, आणि वाचता वाचता मुलाखतीच्या जागा भरत जातात. त्यामुळे वेळेला दोन अंगे येतात: कोणत्या वर्षी अर्ज करायचा आणि त्या वर्षात कोणत्या महिन्यात. बहुतेक पालक दुसऱ्या अंगाची फार काळजी करतात आणि पहिल्याची कमी. माझ्या अनुभवात नुकसान बहुधा पहिल्यात होते.

आता ग्रेडचा हिशेब. एमडी (अमेरिकेत ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) देणाऱ्या बहुसंख्य कॉलेजांचे अर्ज ॲमकॅस या केंद्रीय व्यवस्थेतून जातात. विद्यापीठाच्या गुणपत्रकावर छापलेला जीपीए तेथे तसाच्या तसा घेत नाहीत. विद्यार्थ्याने आपला प्रत्येक कोर्स स्वतः भरायचा, ॲमकॅसने तो अधिकृत ट्रान्सक्रिप्टशी ताडून पाहायचा आणि सर्वांना सारख्याच पद्धतीने जीपीए नव्याने काढायचा, अशी ती रीत आहे. ए प्लसचे येथे ४.० च धरतात, ए मायनसचे ३.७, बी प्लसचे ३.३, सी प्लसचे २.३. त्यातून दोन मुख्य आकडे निघतात. एक सर्व विषयांचा, आणि दुसरा जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व गणित यांचा, ज्याला मुले 'सायन्स जीपीए' म्हणतात. संख्याशास्त्र या दुसऱ्या आकड्यात येते. मानसशास्त्र आणि इंजिनिअरिंगचे विषय सहसा येत नाहीत, आणि इंजिनिअरिंगच्या कोर्समध्ये कष्टाने ए मिळवलेल्या मुलांना ही गोष्ट उशिरा कळली की फार वाईट वाटते.

हे आकडे नुसते एका ओळीत येत नाहीत, त्यांचा तक्ता येतो, आणि तो तक्ता कसा वाचला जातो हे आपण समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. पहिली ओळ पहिल्या वर्षाची, दुसरी दुसऱ्याची, तिसरी तिसऱ्याची, चौथी चौथ्याची, आणि पदवीनंतर पदवीपातळीचे काही कोर्स केले असतील तर त्यांची वेगळी ओळ. उभ्या रकान्यांत विज्ञान, इतर विषय आणि एकूण. मी अर्ज वाचायला बसले की माझे बोट प्रथम विज्ञानाच्या रकान्यावरून वरून खाली जायचे. आकडे चढत आहेत की घसरत आहेत हे एका क्षणात दिसे, आणि मग मी मागच्या पानांवर जाऊन पाहात असे की घसरण कोठे झाली, त्या सत्रात किती क्रेडिट होती, अवघड कोर्स आपल्याच विद्यापीठात केले की उन्हाळ्यात दुसरीकडे जाऊन उरकले, आणि चढण आली ती कठीण विषयांमुळे आली की सोप्यांमुळे. पहिल्या वर्षी अडखळलेला आणि तिसऱ्या वर्षी बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी व फिजिक्स एकाच सत्रात घेऊन ए मिळवणारा विद्यार्थी वाचणाऱ्याच्या मनात विश्वास निर्माण करतो. याउलट ३.९ ने सुरुवात करून ३.३ वर उतरलेला विद्यार्थी, सरासरी कितीही चांगली असो, वाचणाऱ्याला थबकायला लावतो.

आपल्या मुलीचे आकडे याच पद्धतीने मांडून पाहू. वर्षाला तीस क्रेडिट धरली तर आज तिची पंचाहत्तर क्रेडिट झाली आहेत आणि एकूण जीपीए ३.३० आहे. चालू सत्रातही तिने ३.८० मिळवला तर मे महिन्यात नव्वद क्रेडिटवर तो ३.३८ होईल. चौथ्या वर्षी तिने ३.८५ राखला तर पदवीच्या वेळी तो बरोबर ३.५० होतो. म्हणजे वर्षभर थांबून, मान मोडून अभ्यास करून, सरासरी वाढते ती फक्त बारा शतांशांनी. ज्यांना केवळ हा आकडा दिसतो ते म्हणतात, एवढ्यासाठी वर्ष कशाला घालवायचे? पण तक्ता पाहा. या जूनमध्ये अर्ज केल्यास २.९५, ३.४० आणि ३.८० अशा तीनच ओळी समितीला दिसतील, आणि शेवटच्या ओळीतील निम्मा भाग अगदी ताजा असेल. पुढच्या जूनमध्ये केल्यास त्याखाली ३.८५ ची आणखी एक पूर्ण ओळ असेल, आणि पदवीचा उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा निःसंशय भारी दिसेल. एखादे चांगले सत्र योगायोगाने येऊ शकते. सलग चार सत्रांना कोणी योगायोग म्हणत नाही.

येथे एक यांत्रिक बाब आहे, आणि ती लक्षात न घेतल्यामुळे अनेक मुलांचा घोटाळा झालेला मी पाहिला आहे. अर्ज सादर केल्यानंतर मिळालेले ग्रेड ॲमकॅसच्या जीपीएत धरले जात नाहीत. जूनमध्ये अर्ज केला तर चौथ्या वर्षाचे कोर्स नुसते 'पुढे घेणार' म्हणून नोंदले जातात. डिसेंबरमध्ये उत्तम ग्रेड आले तर ज्या कॉलेजांना असे पत्र चालते त्यांना कळवता येतात, आणि जरूर कळवावेत, पण तोपर्यंत मुलाखतींची बरीचशी निवड होऊन गेलेली असते. आपली मुलगी पुढच्या वर्षी जो सर्वांत चांगला अभ्यास करणार आहे, तो यंदा अर्ज केल्यास हिशेबाबाहेर राहील, एवढाच याचा अर्थ.

ऑरगॅनिकविषयी आपल्या मनात जी आशा आहे ती मला दूर करावी लागेल. पुन्हा घेतलेल्या कोर्सचा जुना ग्रेड विद्यापीठाने आपल्या गुणपत्रकातून वगळला तरी ॲमकॅस तो वगळत नाही. दोन्ही प्रयत्न मोजले जातात. डीओ (ऑस्टिओपॅथिक शाखेची, डॉक्टरकीचीच दुसरी पदवी) देणाऱ्या कॉलेजांसाठीच्या आकोमास या व्यवस्थेत पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे, पण २०१७ पासून तेथेही दोन्ही धरतात. घरात कोणी दहा वर्षांपूर्वी अर्ज केला असेल तर त्यांचा सल्ला या बाबतीत जुना झाला आहे. आकड्यांत सांगायचे तर, चार क्रेडिटचे ऑरगॅनिक पुन्हा घेऊन तिने ए मिळवला तर आजचा ३.३० जीपीए सुमारे ३.३४ होईल. चार क्रेडिटचा बायोकेमिस्ट्रीचा नवा कोर्स घेऊन ए मिळवला तरी तो तेवढाच होईल, आणि शिवाय अधिक वरच्या पातळीचे रसायनशास्त्र तिला पेलते हा पुरावा हाती येईल. म्हणून सी प्लस तसाच राहू द्यावा. सी मायनस किंवा त्याखालचा ग्रेड असता तर गोष्ट वेगळी होती, कारण पूर्वआवश्यक विषयांत किमान सी असावा अशी पुष्कळ कॉलेजांची अट असते आणि तेव्हा पुन्हा घेणे भाग पडते.

याच ओघात आणखी एक गैरसमज सांगते. मास्टर्स केले की पदवीचा जीपीए सुधारतो असे बऱ्याच मराठी घरांत मानले जाते. तसे होत नाही. पदव्युत्तर ग्रेड वेगळ्या ओळीत येतात आणि पदवीच्या आकड्यात मिसळत नाहीत. पदवीनंतर पदवीपातळीचेच कोर्स घेतले तर ते मात्र त्यात मिळवले जातात. पुणे किंवा मुंबईहून बीएस्सी करून आलेल्यांचा प्रश्न याहून निराळा आहे. परदेशातील ग्रेड ॲमकॅसच्या जीपीएत धरत नाहीत, आणि बहुतेक कॉलेजांना अमेरिकेत किंवा कॅनडात केलेला पुरेसा अभ्यासक्रम लागतो.

आता वर्षातील महिन्यांकडे वळू. ॲमकॅसचा अर्ज मेच्या सुरुवातीला भरायला खुला होतो, मेच्या अखेरीस सादर करता येतो आणि तपासून झालेले अर्ज जूनच्या अखेरीस कॉलेजांकडे जाऊ लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेजांचे स्वतंत्र निबंध येतात, ज्यांना सेकंडरी म्हणतात, आणि ते दोन आठवड्यांत परत करावेत अशी रूढी आहे. उन्हाळ्याच्या शेवटापासून मुलाखती सुरू होतात, ऑक्टोबरच्या मध्यापासून प्रवेश दिले जाऊ लागतात आणि पुढील वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग भरतात. गर्दीच्या काळात ॲमकॅसच्या तपासणीला सहा आठवडेही लागू शकतात, म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सादर केलेला अर्ज आणि जुलैअखेर सादर केलेला अर्ज यांत प्रत्यक्ष फरक महिन्या-दीड महिन्याहून अधिक पडतो.

तरीही पहिल्या दिवशी पहिल्या तासाला अर्ज गेलाच पाहिजे या हट्टाला अर्थ नाही. घाईत सादर केलेल्या निबंधातील विस्कळीतपणा वर्षभर फाइलला चिकटून राहतो, कारण सादर केल्यावर तो बदलता येत नाही. १ जून आणि १५ जून यांतील फरक मी कधी मोजण्याइतका पाहिलेला नाही. जून आणि सप्टेंबर यांतील फरक मात्र दर वर्षी पाहिला आहे. एमकॅटचा गुण नसतानाही अर्ज सादर करता येतो आणि तपासणीच्या रांगेत उभा राहतो, पण बहुतेक कॉलेजे गुण आल्याशिवाय फाइल पूर्ण मानीत नाहीत. परीक्षेनंतर गुण यायला सुमारे एक महिना लागतो, म्हणजे जूनअखेर परीक्षा दिल्यास फाइल जुलैअखेरीस पूर्ण होईल. ही वेळ फार उशिराची नाही. मला जी भीती वाटते ती वेगळी आहे. तिच्या चढत्या आलेखाला या सत्रातील ग्रेडची अत्यंत गरज आहे, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ती साडेसात तासांच्या एका परीक्षेची तयारी करीत असेल. दोन्हींपैकी एक गोष्ट ढिली पडण्याचा संभव मोठा आहे, आणि कोणती पडेल हे आधी कोणालाच सांगता येत नाही.

एमकॅटचा गुण ४७२ ते ५२८ यांच्या दरम्यान असतो. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस ही संस्था दर वर्षी आकडे प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत सुमारे ५२ ते ५५ हजार अर्जदारांतून सुमारे २३ हजार विद्यार्थी एमडीच्या पहिल्या वर्षात दाखल होत आहेत, आणि दाखल होणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.८ च्या जवळपास तर एमकॅट ५१२ च्या आसपास आहे. हे आकडे वाचून अनेक घरांत सन्नाटा पसरतो, पण सरासरी म्हणजे किमान अट नव्हे, तिच्याखालचीही पुष्कळ मुले दर वर्षी दाखल होतात. जीपीए आणि एमकॅट यांच्या जोड्यांनुसार किती अर्जदारांना प्रवेश मिळाला याचा तक्ताही हीच संस्था देते. आपण तो मुलीबरोबर बसून पाहावा आणि ३.३८ ची पट्टी व ३.५० ची पट्टी शेजारी शेजारी ठेवून वाचावी. डीओ कॉलेजांत दाखल होणाऱ्यांचा सरासरी जीपीए ३.६ च्या आसपास असतो, पदवीनंतर अमेरिकेत डॉक्टरकीचे सर्व हक्क समान आहेत आणि २०२० पासून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या रुग्णालयातील प्रशिक्षणाची, निवडही दोघांची एकाच व्यवस्थेतून होते. तेव्हा हा पर्याय मुलीच्या यादीत यंदाही असावा आणि पुढच्या वर्षीही.

थांबण्याच्या बाजूने मी इतके लिहिले, तरी थांबणे हे आपोआप औषध ठरत नाही हे मला माझ्याच एका चुकीतून कळले आहे. कामाला लागून तीन-चार वर्षे झाली असताना एका विद्यार्थ्याला मी वर्षभर थांबून जीपीए वाढवण्याचा सल्ला दिला. तेव्हा तो ३.४१ वर होता. त्याने चौथ्या वर्षी बहुतेक सोपे, विज्ञानाबाहेरचे कोर्स घेतले, ३.८ मिळवला आणि पदवीच्या वेळी ३.५१ वर पोहोचला. सायन्स जीपीए जागचा हलला नाही, रुग्णांजवळ घालवलेले तास वाढले नाहीत आणि एमकॅट जुनीच राहिली. त्या वर्षी त्याला एकाही कॉलेजने मुलाखतीला बोलावले नाही. 'थांब' हे मी सांगितले होते, पण थांबून नेमके काय करायचे ते बसून लिहून दिले नव्हते. तेव्हापासून मी कोणालाही नुसते थांबायला सांगत नाही. ज्या वर्षात फाइलमध्ये काही नवे येणार नाही त्या वर्षी थांबून मिळत काही नाही.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. एका मुलीच्या घरी भावंडे, आतेभावंडे सगळी पदवीनंतर सरळ मेडिकलला गेली होती, आणि तिनेही तसेच जावे असा आग्रह होता. तिचे आकडे आपल्या मुलीसारखेच होते. एमकॅट सप्टेंबरमध्ये दिली, फाइल ऑक्टोबरच्या मध्यावर पूर्ण झाली, चोवीस कॉलेजांना अर्ज केले आणि एकही मुलाखत आली नाही. लगेच पुढच्या जूनमध्ये जवळजवळ तोच अर्ज पुन्हा गेला. बहुतेक कॉलेजे पूर्वी अर्ज केला होता का हे विचारतात, आणि वाचणारा साहजिकच पाहतो की मधल्या काळात काय बदलले. तिच्या बाबतीत उत्तर 'फारसे काही नाही' असे होते. तिसऱ्या खेपेला, दोन वर्षे एका क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंट म्हणून काम करून आणि पदवीपातळीचे विज्ञानाचे पाच कोर्स घेऊन, ती आपल्याच राज्यातील कॉलेजात गेली. आज ती उत्तम रेसिडेंट आहे. पण एक वर्ष वाचवण्यासाठी तिची तीन वर्षे आणि आईवडिलांचे हजारो डॉलर गेले. सध्याच्या दराने पहिल्या कॉलेजसाठी १७५ डॉलरच्या आसपास आणि पुढच्या प्रत्येकासाठी पन्नासच्या जवळपास लागतात, म्हणजे वीस कॉलेजांना सेकंडरीचे शुल्क सोडूनच हजाराच्या वर खर्च होतो.

म्हणूनच 'वर्ष वाया' या शब्दांविषयी मला आपल्याशी थोडे कळकळीने बोलावेसे वाटते. आता एमडीच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदवीनंतर किमान एक वर्ष काही तरी वेगळे करून आलेले असतात. समितीत बसलेल्या माणसांना त्यात काहीच वावगे दिसत नाही, उलट रुग्णाच्या खोलीत पुरेसा वेळ उभा राहिलेला उमेदवार त्यांना हवा असतो. साठ तास ही सुरुवात झाली. इतक्या तासांवर मुलाखतीत 'डॉक्टरच का व्हायचे' या प्रश्नाचे उत्तर देताना मुले ऐकीव बोलतात, आणि ते लगेच ऐकू येते. शिक्का बसतो तो निष्क्रिय वर्षाचा, आणि तोही गुणपत्रकापेक्षा मुलाखतीत अधिक.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून दिसत नाहीत. पहिली म्हणजे तिच्या विद्यापीठात समितीचे एकत्रित शिफारसपत्र देण्याची पद्धत आहे का. असल्यास त्याची अंतर्गत मुदत बहुधा हिवाळ्यातच संपते, आणि ती संपली असेल तर यंदाचा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो. दुसरी म्हणजे पहिल्या वर्षी २.९५ का झाला. घरात आजारपण होते, नोकरी करीत होती, की अभ्यासाची पद्धत सापडली नव्हती? कारण कोणतेही असो, ते दोन-तीन वाक्यांत, दोष कोणावर न ढकलता सेकंडरी निबंधात लिहिता येते. मुख्य निबंध त्यात खर्ची घालू नये. तिसरी म्हणजे सराव परीक्षांतील तिची खरी पातळी. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या, एच-४ वरच्या (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या) मुलांचे गणित पूर्ण वेगळे असते, कारण बरीच कॉलेजे त्यांचा अर्जच विचारात घेत नाहीत आणि एकविसावे वर्ष ओलांडताच व्हिसाचाही प्रश्न उभा राहतो. त्या कुटुंबांनी हे उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू करू नये.

जे माहीत आहे त्यावरून माझे मत स्पष्ट आहे. आपल्या मुलीने या जूनमध्ये अर्ज करू नये. हे सत्र तिने पूर्ण लक्ष देऊन पार पाडावे. उन्हाळ्यात वर्ग नसताना एमकॅटची तयारी करून ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीस परीक्षा द्यावी, त्याआधी बायोकेमिस्ट्री झालेली असेल असे पाहावे, आणि गुण मनासारखे न आल्यास जानेवारीत किंवा वसंतात पुन्हा देण्यास जागा ठेवावी. चौथ्या वर्षी दोन्ही सत्रांत विज्ञानाचे वरच्या पातळीचे कोर्स असावेत. रुग्णालयातील काम आठवड्याला चार तास का होईना, पण अखंड चालू ठेवावे. पदवीनंतर लगेच, सर्व ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर उमटल्यावर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज जावा. माझे मत बदलेल असा एकच प्रसंग मला दिसतो: या सत्रात ४.० आला, अधिकृत सराव परीक्षांत ती आताच सातत्याने ५१५ च्या वर आहे, आणि शिफारसपत्रांची व्यवस्था झालेली आहे. तसे असल्यास मेच्या तिसऱ्या आठवड्यात, ग्रेड हाती आल्यावर, पुन्हा विचार करावा. तोपर्यंत निर्णय लांबवण्याने काही बिघडत नाही.

दोन कामे मात्र या वर्षी अर्ज न करतानाही आत्ताच करून ठेवावीत. शाळेत असताना तिने कम्युनिटी कॉलेजमध्ये एखादा कोर्स केला असेल तर त्या कॉलेजचे ट्रान्सक्रिप्टही ॲमकॅसला लागते, आणि सर्व ट्रान्सक्रिप्ट आल्याशिवाय अर्ज तपासणीच्या रांगेत लागत नाही. अकरावीत केलेल्या तीन क्रेडिटच्या इंग्रजीच्या कोर्सचा विसर पडल्यामुळे एका विद्यार्थ्याचा जूनमधला अर्ज ऑगस्टपर्यंत अडकून पडलेला मी पाहिला आहे. आणि दुसरे, ज्या प्राध्यापकांच्या वर्गात तिला मागच्या सत्रात चांगले ग्रेड मिळाले त्यांना तिने मे संपण्याआधी प्रत्यक्ष भेटून पुढच्या वर्षीच्या शिफारसपत्राविषयी विचारावे. सव्वा वर्षाने दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गातील एक नाव त्यांना आठवणार नाही. आज मात्र ती प्रयोगशाळेत कोठल्या टेबलाशी उभी असे, हेसुद्धा त्यांच्या लक्षात असेल.